खुर्चीवरचं हेल्मेट

गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाबू बसतो. समोर लोकांसाठी खुर्ची आहे, पण तिच्यावर कायम त्याचं हेल्मेट विराजमान असतं. ठेकेदार आला की हेल्मेट टुणकन खाली उतरतं. जंगलातल्या गावचा माणूस वनजमिनीच्या पट्ट्याचा अर्ज घेऊन आला, तर ना हेल्मेट हलतं ना बाबूची मान. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत तो म्हणतो, "साहेब नाई. सोमवारी ये." सोमवारी आलेल्याला गुरुवार सांगतो. अशा माणसाची मला शिसारी येते, हे मी बायकोला रोज तोऱ्यात ऐकवायचो.

परवा तो रजेवर होता. मी खाली मान घालून रजिस्टर लिहीत होतो. माझ्या टेबलापुढे कोणीतरी येऊन थांबलं.

"साहेब नाई. सोमवारी ये," मी म्हणालो.

"साहेब नाई पायजे, भाऊ. पायदल आली, मले जरासं बसाचं हाये."

मी मान वर केली. एक म्हातारी होती.

"बसा ना, बाई," मी घाईघाईनं म्हणालो.

ती माझ्या टेबलापुढच्या खुर्चीकडे बघत उभीच राहिली. खुर्चीवर हेल्मेट होतं, आणि ते माझं होतं.