टेमघरचा बाताड्या

माझा बाप बाताड्या. टेमघरात कुणालाही विचारा. थापाड्या वेगळा, तो थाप मारून आपलं काम साधून घेतो. बाताड्याला साधायचं काही नसतं, तो नुसता स्वतःची टिमकी वाजवतो. चहाच्या टपरीवर बाबा दिसले की लोक म्हणायचे, आला बाताड्या, सरका. माझ्या अंगाची नुसती आग व्हायची.

बाबांचं नाव नवशा. भिवंडीच्या एका कापडाच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम, कापड विणायचे माग, दुरुस्त करणारे. त्यांची बात एकच, लूम आजारी असला तर मी नुसत्या आवाजावरून ओळखतो, तेही दारातून. आणि एके काळी ते खरंच ओळखायचे! पण उभा जन्म त्या खडखडाटात काढल्यावर कान राहतात होय?

पुढे पुढे बाबांची बडबड फार वाढली. दुसऱ्याला बोलूच देईनात. चारचौघांत तोंड आवरा म्हणून आई चिडायची. एकदा तिनं पाठीमागून विचारलं, भाकरी वाढू का? बाबांचं आपलं चालूच, शेठ आपल्याला किती मानतो ते. आई समोर आली, पुन्हा विचारलं. त्यांनी तिच्या ओठांकडे बघितलं आणि मान डोलावली. आईनं भाकरी वाढली. आपणच बोलत राहिलं की दुसऱ्याचं ऐकावं लागत नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

जॉबरचे कान गेले हे शेठला कळलं असतं तर काम सुटलं असतं, आणि बाबांना दुसरं काही येत नव्हतं. कारखान्यात ते लूमवर हात ठेवून थरथरीवरून बिघाड ओळखत, कसंबसं निभावत होते. तेव्हापासून आई पाहुण्यांसमोर स्वतःच म्हणायची, अहो, ती लूमची गोष्ट सांगा ना. मीही तिची री ओढायची.

त्या वर्षी दसऱ्याला कारखान्यात आम्ही सगळे गेलो होतो. लूमना झेंडूच्या माळा घातल्या, पूजा झाली, लूम सुरू झाले. शेठच्या मुलाला बाबांचं भारी कौतुक. त्यानं मुद्दाम एक लूम बिघडवून ठेवला होता. पाहुण्यांना आपल्या जॉबरची करामत दाखवायची म्हणून त्यानं बाबांना हाताला धरून अंगणात नेलं आणि कारखान्याकडे पाठ करून उभं केलं. आता लूमवर हात ठेवायची सोयच नव्हती.

बाबांनी कानाला हात लावला, डोळे मिटले. आणि लाईट गेली.

सगळे लूम एकदम थांबले. बाबा तसेच उभे, मान डोलवत. मग मोठ्यानं म्हणाले, "तिसऱ्या रांगेतला, भिंतीकडचा. खडखडतोय बघा."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. आई गेली, त्यांचा कानावरचा हात तिनं खाली घेतला आणि त्यांना कारखान्याकडे वळवलं.

शेठ वाईट नव्हता, पण बहिरा जॉबर ठेवून तो तरी काय करणार? बाबा आता काल्हेरच्या गोडाऊनमध्ये गठ्ठे उचलतात. त्या दिवसापासून बोलणं जवळजवळ बंदच. टपरीवर त्यांना 'बिचारा नवशा' म्हणतात. मेल्यांनो, बाताड्या म्हणा की!

रोज जेवताना आई त्यांच्या समोर बसते, ओठ नीट दिसतील अशी, आणि म्हणते, "ती लूमची गोष्ट सांगा ना."

ती काय म्हणते ते बाबांना कळतं. ते नाही म्हणून मान हलवतात आणि भाकरी मोडायला लागतात.