तवनाप्पाच्या वाटणीची मेंढरं

निपाणीत पाइप-फिटिंगचं दुकान चालवणाऱ्या तवनाप्पा मगदूमला माणसांची किळस येते, हे त्याच्या गिऱ्हाइकांनाही ठाऊक आहे. दुकानाच्या पायरीवर कुणी थुंकला, बोलता बोलता दात कोरायला लागला, बोटाला थुंकी लावून कॅटलॉगची पानं उलटायला लागला, की तवनाप्पाचा चेहरा कारल्याचा रस प्यायल्यासारखा होतो. पाणी गाळून पिणारा, कंदमुळं न खाणारा, दिवस मावळल्यावर न जेवणारा, मुंगी दिसली तर पाय उचलून पलीकडं टाकणारा माणूस. यात वाईट काही नाही. पण आपण असे आहोत हे समोरच्याला कळलंच पाहिजे, ही त्याची खोड मात्र जुनी.

अशा माणसानं दर रविवारी दुपारी कानाला हेडफोन लावून सात जणांच्या गलक्यात बसावं, हे नवलच. त्याचं असं झालं, लॉकडाऊनमध्ये दुकान बंद होतं आणि थोरला मुलगा विनय बेंगळुरूहून येताना संगणक घेऊन आला होता. त्यावर त्यानं बापाला एक खेळ शिकवला. जुन्या काळातलं राज्य वसवायचं, रानं पिकवायची, सैन्य उभं करायचं आणि दुसऱ्याचं राज्य पाडायचं. विनय परत गेला, संगणक आणि खेळ मागं राहिला. पन्नाशीत आलेलं वेड पोरवयातल्यापेक्षा चिवट असतं. वर्षभरात तवनाप्पाचा चौघांचा गट जमला. शहापुरात साड्यांचे माग असलेला नागेंद्र हा म्होरक्या, येळ्ळूरचा विक्रम, गुंजीचा रेल्वेतला शामू आणि चौथा हा. समोर दुसरे चार, तेही कुठले कुठले.

खेळाच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या गावठाणाजवळ आठ मेंढरं चरत असतात. ती कापायची, त्या अन्नावर माणसं वाढवायची, मग शेती उभी राहते. तवनाप्पानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "मला मेंढरू मारायचं जमत न्हाय. पडद्यावरचं असलं तरी न्हाय."

"आप्पा, माणसं मारतासा की," नागेंद्र म्हणाला.

"ती लढाईला आल्यात. गृहस्थाला विरोधी हिंसा सुटत न्हाय, अंगावर आला त्याला अडवावंच लागतंय. मेंढरू कुणाच्या अंगावर आलंय?"

त्याला मागची जागा दिली, म्हणजे बाकीचे तिघं पुढं लढणार आणि हा मागं बसून शेती करणार, धान्य पाठवणार. गटात एकमेकांना अन्न पाठवायची सोय होती. सुरुवातीची नड गटातून भागायची, पुढं तवनाप्पाची शेतं डोलायला लागायची आणि तो सगळ्यांना पुरवायचा. तीन वर्षं असं चाललं. दुकानात गिऱ्हाइकाला तो रंगवून सांगायचा, "आपल्या राज्यात आजवर एक मेंढरू मेलं न्हाय."

पण गटाचा खेळ म्हणजे बारभाईचा कारभार. जिंकलं की चौघंही म्हणणार मी जिंकून दिलं, आणि हरलं की तासभर मीटिंग. कुणी घोडेस्वार उशिरा पाठवले, कुणी भिंत बांधली नाही, कुणी जेवायला उठला. नाचता येईना अंगण वाकडं. त्यात नागेंद्र तोंडात मावा धरून बोलायचा, तो चघळल्याचा आवाज थेट तवनाप्पाच्या कानात उतरायचा. शामू मधेच ढेकर द्यायचा. दोन तासांचा डाव संपला की तवनाप्पा कान धुऊन यायचा, खरोखरच, साबणानं.

गेल्या मार्गशीर्षात एक डाव हातातोंडाशी येऊन गेला. नागेंद्र तापला होता. "आप्पा नुसतं शेती करत बसत्यात. आम्ही मरतोय फुडं, आणि ह्ये आपलं जोंधळं पेरत्यात."

विक्रमनं हसून भर घातली, "असू दे की रं, आपल्यात एक तरी साधू पायजे."

विक्रम हा गटातला सगळ्यात धाकटा, बेळगावात फौंड्रीत कामाला, बोलणं मोजकं आणि मनात काही न ठेवणारा. पण तवनाप्पाचं डोकं फिरलं ते त्याच्याच हसण्यानं.

"साकु, बास झालं रं आता," तो म्हणाला. "तुमच्या शिव्या ऐकल्या, ढेकरा ऐकल्या. आणि विक्रम, तू हसू नको. डाव सुरू झाला की तुझी सुरी पैली चालती, बघितलंय मी. कसायाच्या मांडीला मांडी लावून बसायचा मला वीट आलाय."

कुणी काही बोलायच्या आत त्यानं हेडफोन काढला आणि गट सोडला.

त्यानंतर तो दोघा-दोघांचे डाव खेळायला लागला. जोडीदार मिळाली घरातलीच. भावाची मुलगी राजश्री चिक्कोडीला कॉलेजात शिकवते, ती कधीमधी हा खेळ खेळायची. ना मावा, ना ढेकर, ना मीटिंग. तवनाप्पाला वाटलं, आता कसं स्वच्छ खेळायला मिळेल.

पहिले सहाच्या सहा डाव दोघं हरली. तवनाप्पाचं राज्य सुरुवातीलाच उपाशी पडायचं. माणसं वाढायची नाहीत, म्हणून शेतं व्हायची नाहीत, आणि शत्रू दारात यायचा तेव्हा हा अजून बोरं वेचत असायचा. आठ मेंढरं तेवढी गावठाणात सुखानं चरायची.

"काका, तुमची मेंढरं तशीच हाईत," राजश्री म्हणाली.

"असू देत. तू अन्न पाठव."

"माझंच पुरत न्हाय. आधी कोण पाठवत हुतं?"

"गटातनं यायचं. तुला वाटतंय मला खेळता येत न्हाय. थांब, जुने डाव साठवल्यात, दाखवतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. राजश्री रविवारी निपाणीला आली, दोघं संगणकासमोर बसली. साठवलेला डाव त्या त्या खेळाडूच्या नजरेनं बघता येतो. त्या वेळी त्यानं पडदा कुठं फिरवला, काय बघितलं, सगळं जसंच्या तसं. तवनाप्पा ऐटीत सांगत होता, हे बघ, इथं मी बोरं वेचायला माणसं लावली. तेवढ्यात पडदा झटकन डावीकडं सरकला आणि एका ओसाड माळावर जाऊन थांबला. तिथं शेत नव्हतं, माणूस नव्हता, शत्रूही नव्हता. वीसेक सेकंद नुसता माळ. मग वरचा अन्नाचा आकडा एकदम वाढला आणि पडदा परत गावठाणात आला. तिथं मेंढरं नव्हती.

राजश्रीनं डाव मागं नेला आणि विक्रमच्या नजरेनं लावला. विक्रमचा गडी तवनाप्पाच्या गावठाणात आला, आठही मेंढरं हाकत आपल्या हद्दीत घेऊन गेला आणि एकामागून एक कापली. मग ते अन्न तवनाप्पाला पाठवून दिलं.

त्यांनी दुसरा डाव लावला, तिसरा लावला, मग दोन वर्षांपूर्वीचा एक. दर वेळी विक्रमचा गडी हद्दीवर दिसला रे दिसला की तवनाप्पाचा पडदा माळावर जायचा. एकदाही चुकला नव्हता.

"काका, इथं काय बघत हुता तुम्ही?" राजश्रीनं विचारलं. तिनं कुचकेपणानं विचारलं नव्हतं, तिला खरंच कळलं नव्हतं.

तवनाप्पानं डाव बंद केला. ठाऊक नव्हतं असं तरी कसं म्हणावं? ठाऊक नसलेला माणूस वेळेवर मान फिरवत नाही. आयुष्यभर त्यानं माणसांच्या थुंकीची, ढेकरांची, उष्ट्या बोटांची शिसारी बाळगली होती. आता ती त्याला स्वतःची आली, आणि ती साबणानं जाणारी नव्हती.

तीन दिवस तो दुकानात धड बोलला नाही. बुधवारी दुपारी, फौंड्रीतल्या जेवणाच्या सुट्टीचा अंदाज घेऊन, त्यानं विक्रमला फोन लावला.

"विक्रम, माझी मेंढरं तू कापत हुतास."

"व्हय की आप्पा."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तुम्हाला म्हाईत हाय असं वाटत हुतं आम्हाला. तुम्हीच सांगितलता न्हवं, मला जमत न्हाय म्हणून. मग न्हाय कापली तर तुम्ही उपाशी, आणि तुम्ही उपाशी तर सगळा गट उपाशी. कुणीतरी कापायलाच पायजे हुती. तिघांनी चिठ्ठ्या टाकल्या, माझी निघाली."

"आणि तुला काय वाटलं न्हाय?"

"वाटायचं की. आमच्या घरात वारकऱ्याची माळ हाय आप्पा, मटण शिजत न्हाय. मी बी कधी खाल्लं न्हाय. पैले महिनाभर डोळं मिटून बटण दाबायचो." मागं भोंगा झाला, कुणीतरी त्याला हाक मारली. "मग सवय झाली. आता काय वाटत न्हाय."

तवनाप्पा फोन घेऊन दुकानाच्या पायरीवर आला.

"विक्रम, मी तुला कसाई म्हटलो."

"लागलं हुतं," विक्रम म्हणाला. "पण खोटं कुठं हुतं? सोडा आप्पा, खेळच हाय. येताय न्हवं परत? तुमची मेंढरं मी बघतो."

"नको," तवनाप्पा म्हणाला. "आता कुणाचीच कापू नको, माझ्यासाठी तर न्हाईच." फोन ठेवल्यावर त्याला उमगलं, हेही आपण त्यालाच सांगितलं, जसं काही सुरी विक्रमनं स्वतःच मागून घेतली होती.

त्या रविवारी दुपारी उशिरा तो पहिल्यांदाच एकास एक डावाला बसला. गट नाही, जोडीदार नाही, समोर कुणी एक अनोळखी. त्यानं मेंढरं कापली नाहीत. शेतांसाठी लागणारं होतं नव्हतं ते लाकूड घालून त्यांच्याभोवती कुंपण केलं, त्यामुळं एकही शेत उभं राहिलं नाही. सतराव्या मिनिटाला समोरच्याचे घोडेस्वार आले. त्यांनी कुंपण फोडलं, मेंढरं हाकत नेली आणि पलीकडं नेऊन कापली. तवनाप्पा पडदा त्यांच्या मागं मागं नेत राहिला. आठवं मेंढरू पडेपर्यंत त्यानं मान फिरवली नाही.

स्वयंपाकघरातून बायकोनं, पद्मावतीनं, हाक मारली. "दिवस मावळायला आलाय, जेवून घ्या. मग म्हणशीला उशीर झाला."

"मला नको आज."

"का वो? बरं न्हाय का?"

"बरा हाय," तवनाप्पा म्हणाला. "अन्न जात न्हाय गं."