गोल ठिपका

माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, अक्षरही वेडंवाकडं आहे. त्याबद्दल आधीच माफी मागते. पण हे लिहून काढल्याशिवाय डोक्यातला राग उतरणार नाही.

ज्यांच्यावर हा राग आहे ते साहेब काही बोलायच्या आधी चष्मा काढायचे. काचेवर तोंडाची वाफ सोडायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे, उजेडात धरून बघायचे, परत नाकावर चढवायचे आणि मग म्हणायचे, "आल्झो, तर मग घाई कशाला? आधी तुलना करू." तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. त्याचा चष्मा पुसून होईपर्यंत समोरचा आपला प्रश्न गिळून टाकतो.

जर्मनीत, रेगेन्सबर्गला, आमच्याच गल्लीत ते एकटे राहायचे. मूळचे पुण्याचे, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. माझे मिस्टर हॉटेलात आचारी आहेत आणि मी घरून डबे करते. सहा वर्षं त्यांचा डबा माझ्याकडे होता. एकदा त्यांना पाणी तापवायची किटली घ्यायची होती. ती निवडायला त्यांना नऊ महिने लागले. तोवर सकाळचा चहा ते आमच्याकडे पीत होते आणि कुठल्या किटलीचं झाकण कसं वाईट आहे ते सांगत होते.

आम्ही हसायचो, पण आमचं त्यांच्यावाचून चालत नव्हतं. जर्मन पत्र आलं की मी आणि मिस्टर ते टेबलावर ठेवून नुसतं त्याच्याकडे बघत बसायचो. संध्याकाळी ते यायचे, पत्र वाचायचे, उत्तर लिहून द्यायचे. मिस्टरांचं ऑपरेशन झालं तेव्हा दोन दिवस रजा टाकून ते दवाखान्यात माझ्याबरोबर बसले होते. हे मी विसरलेले नाही. म्हणून तर पुढे तोंड उघडता आलं नाही.

माझ्या मुलीला, प्राचीला, नेमबाजीच्या क्लबात त्यांनीच नेलं. ते स्वतः तिथे जायचे. प्राची आता वीस वर्षांची आहे. तिचा उजवा डोळा लहानपणापासून अधू. पिस्तुलाच्या नळीवर पुढे एक खुंटी असते आणि मागे खाच असते, ती दोन्ही जुळवून नेम धरायचा. तिला खुंटी धूसर दिसायची. क्लबातल्या म्हाताऱ्या ट्रेनरांनी एक दिवस स्वतःचं पिस्तूल तिच्या हातात दिलं. त्यावर आगपेटीएवढी काच बसवलेली होती आणि काचेत एक लाल ठिपका. ठिपका निशाणावर ठेवायचा, चाप ओढायचा. त्या दिवशी तिच्या सगळ्या गोळ्या काळ्या गोलात गेल्या. घरी येऊन तिने तो निशाणाचा कागद फ्रिजवर लावला.

वसंतात जिल्ह्याची स्पर्धा होती. तिथून वरच्या स्पर्धेत जायचं म्हणून ती दोन वर्षं घाम गाळत होती. ट्रेनर म्हणाले, क्लबाच्या पिस्तुलावर असा रेड डॉट बसतो, पण तो तुमचा तुम्ही घ्या, आणि महिनाभर तरी त्यावर सराव होऊ दे.

"वहिनी, मी आहे ना," साहेब म्हणाले. "दुकानदार माझ्या ओळखीचा आहे. तुम्ही फक्त पैसे द्या." डब्यांच्या कमाईतले साडेचारशे युरो मी त्यांच्या हातात दिले. तेव्हा ऑक्टोबर होता.

मग त्यांची तुलना सुरू झाली. ठिपका लहान हवा की मोठा. काच उघडी हवी की चारी बाजूंनी बंद. बॅटरी वरून बदलता येते की सगळं स्क्रू काढून. एका रविवारी त्यांनी माझी कुंकवाची डबी मागितली. स्वयंपाकघराच्या टाइलवर एक बारीक टिकली काढली, शेजारी एक मोठी, आणि मला बाल्कनीच्या टोकाला उभं केलं.

"एक डोळा मिटा, वहिनी. हा तीनचा ठिपका, तो सहाचा. कोणता बरा दिसतो?"

"साहेब, पोळी करपतेय."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणजे घाईत मोठाच बरा," म्हणून त्यांनी वहीत लिहून घेतलं. मला तेव्हा हसू आलं होतं. आज आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

डिसेंबरात पहिली काच आली. त्यांनी स्वतःच्या घरी लावून पाहिली आणि परत पाठवली. "ठिपका फाटका आहे. कडेला काटे आल्यासारखे दिसतात." जानेवारीत दुसरी आली, तीही परत गेली. तिच्यातही काटे. प्राची विचारायची, "काका, मी एकदा बघू?" ती मराठी समजते पण जर्मनमध्ये बोलते, आणि जर्मनमध्ये तिला माझ्यासारखी भीड नाही. ते म्हणायचे, "तुला खराब माल दाखवून काय करू?"

स्पर्धेला पाच आठवडे राहिले तेव्हा तिसरी आली. ती साहेब क्लबात घेऊन आले. मी त्या दिवशी प्राचीला घ्यायला गेले होते, भिंतीजवळच्या बाकावर बसले होते. त्यांनी काच डोळ्यासमोर धरली आणि मान हलवली. "हीसुद्धा तशीच. आजकाल मालच धड येत नाही."

ट्रेनरांनी काच त्यांच्या हातातून घेतली. मोबाईल काढला, काचेतून फोटो काढला आणि तो सगळ्यांना दाखवला. फोटोत ठिपका गोल होता, चंद्रासारखा. मग त्यांनी काच प्राचीच्या हातात दिली. तिने दोन्ही डोळे उघडे ठेवून बघितलं.

"गान्स रुंड," ती म्हणाली. एकदम गोल.

ट्रेनर त्यांना हळू आवाजात म्हणाले की काटे काचेत नाहीत, तुमच्या डोळ्यात आहेत. पुष्कळांना ठिपका तसा दिसतो, डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊन या.

बघा, म्हणजे चार महिन्यांत तीन काचा आल्या, दोन परत गेल्या, त्या त्यांच्या डोळ्यासाठी. जिच्यासाठी घ्यायची तिला एकदाही बघू दिली नव्हती. मला वाटलं, आता तरी लाजतील, काच इथेच ठेवतील. त्यांनी चष्मा पुसला.

"मोबाईल म्हणजे काही डोळा नव्हे," ते म्हणाले. "आणि तिच्या वयात सगळं गोलच दिसतं. मी जबाबदारी घेतली आहे, तर वस्तू नीटच घेणार." काच डब्यात घातली, डबा बॅगेत घातला.

प्राचीने माझ्याकडे पाहिलं. मी बाकावरून उठायला हवं होतं. साहेब, काच माझ्या पैशांची आहे, इथे ठेवा, एवढंच म्हणायचं होतं. माझ्या डोळ्यासमोर दवाखाना आला, ती सगळी पत्रं आली. शिकलेला माणूस, त्याला सगळ्यांसमोर कसं बोलायचं? मी पदर नीट केला आणि बाकावरच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती काच परत पाठवली. त्यांच्यावरचा राग मी इथे लिहिते आहे, पण त्यातला अर्धा माझ्यावर आहे.

स्पर्धेत प्राची खुंटी आणि खाचेवर उतरली. ती खालून तिसरी आली. रडली नाही. गोळीचा आवाज अडवायची कानावरची यंत्रं काढून तिने पेटीत ठेवली, पेटीची कडी लावली, उघडली, परत लावली. साहेबही आले होते. चहाच्या टेबलाशी दोन माणसांना उघड्या काचेत धूळ कशी बसते ते समजावून सांगत होते. मला पाहून म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय. तुलना करून बघू."

"साहेब," मी म्हणाले. या वेळी आवाज निघाला. "तुलना नको. माझे पैसे द्या. आणि उद्यापासून तुमचा डबा बंद."

त्यांना वाटलं मी थट्टा करते. दुसऱ्या दिवशी डबा गेला नाही तेव्हा कळलं. मिस्टर म्हणाले, "अगं, एवढं तोडू नये, माणसाने आपल्यासाठी केलंय." मी म्हटलं, केलंय, म्हणून सहा वर्षं तुपाची धार हात आखडून सोडली नाही. पोरीच्या दोन वर्षांची भरपाई त्यात होत नाही.

पैसे दुकानदाराकडे अडकले होते म्हणे. आधी दोनशे मिस्टरांच्या हाती पाठवले. मग कळलं की त्यांना एर्लांगेनला नोकरी लागली, घर रिकामं करत आहेत. जायच्या आदल्या दिवशी दुपारी ते दाराशी आले. डोळ्यांवर नवा चष्मा होता, कागदात गुंडाळलेल्या नोटा पुढे केल्या. आत या असं मी म्हटलं नाही.

ओळखीच्या माणसाने दिलेले पैसे त्याच्यासमोर मोजायचे नाहीत, असं आमच्या आईने आम्हाला शिकवलेलं. तो त्याचा अपमान असतो. मी कागद सोडला आणि दारातच, एकेक नोट सरकवून, सावकाश मोजल्या. ते जिन्याच्या कठड्याला धरून बघत उभे होते.

अडीचशे होते. पूर्ण.