पिन आधी हातात

आटपाट मळा होता. मळ्यात एक माळी, एक माळीण, त्यांचा लेक राजू आणि सून कविता. माळी म्हणजे आमचे हे, माळीण म्हणजे मी. देवानं पालक दिला, मेथी दिली, झेंडू दिला. मग कविताच्या वडिलांनी टोस्टर दिला, आणि आमच्या घरात किस्से साठायला लागले! किस्स्यांचं पालकासारखंच असतं बघा, एक जुडी खुडली की मागून दोन फुटतात.

कविताच्या मनात एकच होतं. गंगापूर रोडला एका सोसायटीच्या गेटशी आमची भाजीची हातगाडी लागते. सकाळी फिरायला येणारी माणसं भाजी घेतात आणि उपाशी घरी जातात. "आई, गाडीशेजारी चहा-टोस्ट ठेवला तर?" मला पटलं. राजूला पटेना. तो म्हणाला, "आधी दोन महिने घरात नीट चालवून दाखव. भानगडी झाल्या तर मशीन भंगारात!"

घरात चार माणसं. भानगडीला तेवढी पुरतात.

*

दसरा आला. आमच्यात त्या दिवशी अवजारांची पूजा असते. विळा, खुरपं, कुदळ, फवारणीचा पंप, सगळं ओळीनं मांडलं. ह्यांनी टोस्टरही आणून बसवला. "तोबी कामाचाच हाय," म्हणाले. त्याला हळदकुंकू केलं, हार घातला, आणि झेंडू घरचाच म्हणून ओंजळ भरून फुलं वाहिली.

दुसऱ्या दिवशी राजूनं हार काढला, आत न बघता ब्रेड घातला आणि खटका दाबला. आधी वास आला. मग धूर!

"कापूर कुणी लावला गं?" हे अंगणातून ओरडले.

राजू पाण्याचा तांब्या घेऊन धावला. कविता आडवी आली. "पाणी नको! करंट लागेल!" तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं, पिन काढली. गार झाल्यावर टोस्टर उलटा करून हलवला, तर पावशेर झेंडू पडला.

राजू भंगाराचं नाव काढणार, तेवढ्यात कविता म्हणाली, "खटका कुणी दाबला?"

राजू जेवायला बसला.

*

दुसरी भानगड माझी. लपवत नाही.

"आई, टोस्टर तेवढा पुसून ठेवा," असं सांगून कविता गाडीवर गेली. मी हौदावर मेथीच्या जुड्या धुत होते. म्हटलं, पुसायचा कशाला, जुड्यांबरोबर हाही निघेल! तीन पाण्यांतून काढला, उन्हात उलटा ठेवला आणि वायर दोरीवर वाळत घातली. चिमटा लावून!

कविता आली आणि दोरीकडे बघून मटकन खाली बसली. "आई, विजेच्या वस्तूला आंघोळ घालतात का हो?"

"अगं, पंप नाही का मी धुवत?"

"तो हातानं चालतो, आई."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून मला स्वतःलाच हौदात बुचकळावंसं वाटलं. पिशवीत घालून मीच टोस्टर दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्यानं उघडला, वाळवला, तपासून दिला. वर म्हणतो, "आजी, आत मेथी निघाली. लसूण घातला असता तर भाजी झाली असती."

राजूला कळायचं ते कळलंच. "आता शेवटची संधी," म्हणाला.

*

ह्यांना पावाचं कौतुक नाही. एका सकाळी ह्यांनी बाजरीची शिळी भाकरी मोडून टोस्टरमध्ये कोंबली. ती अडकली. खटका वर येईना. हे चुलीजवळचा चिमटा घेऊन निघाले!

"अण्णा, थांबा!" कवितानं धावत येऊन पिन काढली. "करंट बसला असता!"

"मला? आख्खा जन्म ओल्या हातानं मोटर चालू करतोय मी!"

"म्हणून तर डोक्यावर एक केस राहिला नाही," मी म्हटलं. मग विचारलं, "अहो, मोटर दुरुस्त करायला विहिरीत उतरता, तेव्हा फ्यूज कुठं असतो?"

"काढून खिशात घालतो."

"का बरं?"

"मी खाली, अन् वर एखाद्या शहाण्यानं बटण दाबलं तर?"

"मग?"

ह्यांनी चिमटा खाली ठेवला. "म्हंजी पिन आधी हातात," म्हणाले.

तेव्हापासून तो मंत्रच झाला. टोस्टरला हात लावायचा असला की हे पिन काढून शर्टाच्या खिशात घालतात. वायर गळ्यात पडल्यासारखी दिसते, पण काही बोलायची सोय नाही.

त्याच दिवशी मला वाटलं, चुलीची राख मी रोज काढते, मग ह्याचा चुरा जातो कुठं? गार टोस्टर खालून चाचपला तर एक कप्पा सरकला! काठोकाठ चुरा! कविताला ठाऊकच नव्हतं. तिनं कपाळाला हात लावला. "आई, हाच चुरा पेट घेतो!"

कोंबड्यांनी मात्र त्या दिवशी पार्टी केली.

*

दोन महिने झाले. राजूनं स्वतःच गाडी धुऊन दिली. राहिला प्रश्न विजेचा. प्लग वॉचमनच्या केबिनमध्ये, आणि त्याची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरीकडे.

सेक्रेटरी साहेब केबिन उघडून म्हणाले, "आधी करून दाखवा. गेटवर आग नको मला. मी इंजिनिअर आहे."

कवितानं टोस्टर फरशीच्या तुकड्यावर ठेवला, गोणपाटं लांब सारली, हात कोरडे केले. पहिले दोन टोस्ट झकास! साहेब म्हणाले, "जाड ब्रेड घालून बघू." त्यांनीच घातला. अडकला. साहेबांनी गाडीवरची सुरी उचलली आणि चालू टोस्टरमध्ये घालायला निघाले.

फाट्! ह्यांनी साहेबांच्या मनगटावर चापट मारली. सुरी कोथिंबिरीत पडली.

"पिन आधी हातात!"

साहेब लालबुंद. बटण बंद करून ह्यांनी पिन खिशात घातली. साहेब तडक वर निघून गेले.

"अण्णा, सेक्रेटरीला मारलंत तुम्ही!"

"हाताला मारलं. सेक्रेटरी शाबूत हाय."

कविता दिवसभर जुड्या बांधत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब खाली आले. मागून त्यांची बायको. साहेबांच्या काखेत घरचा टोस्टर. त्यांनी केबिनची किल्ली कविताच्या हातावर ठेवली. "आजपासूनच लावा," म्हणाले. मग आवाज खाली आणून मला विचारतात, "आजी, ह्यालाही खाली कप्पा असतो का हो?"

"कधीचा आहे?"

"लग्नातला."

"मुलगी कॉलेजला आहे आता," बायकोनं मागून सांगितलं.

ह्यांनी वायरची पिन खिशात घातली आणि कप्पा ओढला. आम्ही सगळे वाकून बघत राहिलो. आत लग्नापासूनचा चुरा थापून बसलेला!

मग हे हळूच म्हणाले, "कविता, कोंबड्यांना रिक्षा करून आण."