ट्रॅक्टरची ट्यूब

आज पंक्चरच्या दुकानापाशी एसटीची वाट बघताना तापलेल्या रबराचा वास आला आणि डाळज गावालगतच्या धरणाच्या पाण्यावरची एक जुनी सकाळ आठवली.

तेव्हा आमचे हे पुण्याच्या पाहुण्यांना होडीतून गुलाबी पक्षी दाखवायला नेत. त्या दिवशी पाहुण्या बाईंनी मलाही बसवलं. माझी ती पहिलीच वेळ. नारिंगी जाकिटं दोनच होती, ती पाहुण्या नवराबायकोनं घातली होती. कुणी पडलंच तर टाकायला म्हणून ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब होडीत असायची. मधोमध गेल्यावर वारा सुटला, होडी हेलकावू लागली. ह्यांनी ती ट्यूब सरळ माझ्या गळ्यात घातली.

"अगं, हात घाल की त्यातनं. लाजतियास काय?"

"पावणं हसत्यात. तुमीच घाला."

"मला पवाय येतंय. तू बुडलीस तर भाकरी कोण थापणार?"

पाहुणे खरंच हसले. काठ येईपर्यंत मी मान वर केली नाही. ह्यांचा फार राग आला होता.

आता तिथं प्रत्येकाला जाकीट घालावंच लागतं म्हणे. हे गेले, त्यालाही बरीच वर्षं झाली. मुलं फोनवर जेवण विचारतात, औषध विचारतात. पण मी बुडेन, अशी भीती आता कुणाला वाटत नाही.