वाट सोडणारी माणसं

दाराच्या बिजागरीला एरंडेल लावलं, की त्या वासानं मला माझी तीनचाकी आठवते. इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. माझे पाय लुळे, म्हणून गावच्या लोहारचाचांनी ती हातानं दांडा फिरवून चालणारी गाडी घडवली होती; तिच्या चाकांनाही एरंडेलच लागे.

धामणगावच्या वाटेवर ओझेवाल्याला बाकीच्यांनी वाट द्यायची, अशी रीत होती. मला पाहून मात्र भरल्या बैलगाड्याही बाजूला थांबत. मला तो मान वाटे. पण वाटसरू एकमेकांना विचारतात तसं "कोन्या गावची वं?" असं मला कुणी विचारत नसे.

एकदाच, डोक्यावर कपाशीचं गाठोडं घेतलेली बाई समोर अडून राहिली. "सरक नं वं! माह्या डोक्यावर ओझं हाये, दिसत नाही काय तुले?"

संतापून मी वाट सोडून गाडी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर घातली.

साऱ्या वाटेवर मला वाटसरू समजणारी ती एकटीच. तिचं गाव मीही विचारलं नाही.