रात्री अकराला तापणारी टाकी

आमच्या दूध केंद्रावर मी फॅट काढायला, म्हंजे दुधाचा कस तपासायला बसतो, त्याला आता चौदा वर्षं झाली. नाव अजिनाथ. तोंडाचा मी फटकळ, हे युसूफ वडगावच्या बाजारापासून इथल्या वाडीपर्यंत सगळ्यांना मालूम हाय. दुधात पाणी दिसलं की मी माणसाचं वय बघत न्हाई. पण हे मी सांगतोय ते माझ्याबद्दल न्हाई, सत्यशीलाबद्दल हाय. मी मधे आलो तो आपल्या कर्तबगारीनं आलो, ते पुढं कळेलच.

सत्यशीला आमची कूलर ऑपरेटर. कूलर म्हंजे हजार लिटरची स्टीलची टाकी. गावचं दूध त्यात पडायचं, चार डिग्रीला थंड व्हायचं, अन् सकाळी दहाला टँकर यायचा अन् न्यायचा. टँकर गेला की सत्यशीला टाकी कढत पाण्यानं धुणार, मग संध्याकाळच्या दुधापर्यंत टाकी रिकामी. हा रोजचा रिवाज.

ही बाई आधी आठ हंगाम ऊस तोडायला गेलती. नवरा त्रिंबक अन् ती, असा एक कोयता. करिष्माला, म्हंजे पोरीला, पाचवीपर्यंत चार शाळा बदलाव्या लागल्या, त्यातल्या दोन तर उसाच्या फडावरच्या. केंद्राला ऑपरेटर पाहिजे म्हणून चेअरमन आप्पारावांनी दवंडी दिली तेव्हा ही पदर खोचून आली अन् म्हणाली, मला शिकवा. मी म्हणलो, ताई, हे यंत्राचं काम हाय. तिनं माझ्याकडं बघितलं नुसतं. महिन्याभरात कॉम्प्रेसरच्या आवाजावरनं गॅस कमी झालेला ओळखायला लागली. केंद्राच्याच मागच्या खोलीत राहते. रात्री मोटारीचा आवाज थांबला की हिची झोप मोडते, लाइट गेली की ही उठून जनरेटर लावते. अन् सगळं वहीत लिहिते. सकाळ किती लिटर, संध्याकाळ किती, टँकर कधी आला, लाइट कधी गेली. यंदा बी त्रिंबक एकटाच गेला टोळीत, अर्धा कोयता म्हणून. मुकादम कुरकुरला, पण नेला. करिष्मा सातवीत, एकाच शाळेत दुसरं वर्ष.

गेल्या वर्षी वरच्या डेअरीच्या प्लँटनं टाकीला एक डबी बसवून दिली. हातभर वायर टाकीत, अन् डबी भिंतीवर. दर दहा मिनिटाला टाकीतलं दूध किती डिग्रीला हाय ते वेळेसकट आतल्या फाइलमधी लिहायची. पडद्यावर नुसता आकडा दिसायचा. फाइल बघायची तर पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉपवर. आमच्याकडं कुठला लॅपटॉप. टँकरचा ड्रायव्हर आठवड्याला फाइल घेऊन जायचा अन् आम्ही विसरून जायचो.

दिवाळीनंतर एक टँकर प्लँटवर नासका निघाला. टँकर पाच गावांचा, पण बोट आलं आमच्याकडं. प्लँटचे विजयसिंह साहेब जीपमधनं आले, हातात छापलेले कागद. माणूस वाईट न्हाई, पण कागदावर लई इश्वास. त्यांनी टेबलावर कागद पसरले अन् सत्यशीलाला विचारलं, रात्री अकराला तुमची टाकी साठ डिग्रीला कशी जाते? अन् अकरापासनं सकाळी सातपर्यंत तीस-बत्तीस डिग्री? रोज?

आम्ही सगळे कागदाकडं बघत राहिलो. खरंच लिहिलेलं होतं. सकाळी सातच्या सुमारास दूध आलं, थंड झालं. दिवसभर चार डिग्री. संध्याकाळी सातला परत दूध आलं, थंड झालं. अन् रात्री अकराच्या आत-बाहेर एकदम साठ, मग रात्रभर गरम. पाच दिवसांचे कागद, पाचही सारखे. साहेब म्हणाले, रात्री कूलर बंद ठेवता, जनरेटरचं डिझेल भलतीकडं जातं, असं प्लँटवर सगळे म्हणतात. शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा द्या, न्हाईतर दुसरा ऑपरेटर बघा.

सत्यशीला म्हणाली, रात्री कूलर एकदाबी बंद न्हाई. साहेब म्हणाले, फाइल खोटं बोलत न्हाई. जीप गेली.

तीन दिवस माझं डोकं चालेना. सकाळची वेळ बरोबर, संध्याकाळची बरोबर, मग रात्रीच कशी चूक? यंत्र बिघडलं असतं तर सगळंच बिघडलं असतं. मी वायर काढून बर्फाच्या पाण्यात बुडवली, पडद्यावर शून्याच्या जवळ आलं. चहाच्या पाण्यात बुडवली, वर गेलं. डबी ठणठणीत. उंदरानं वायर कुरतडली का ते बघितलं, लाइटचं वेळापत्रक काढून बघितलं, रात्री अकराला व्होल्टेज वाढतं का ते वायरमनला विचारलं. तो हसला. रिकाम्या हाती मी घरी जायचो अन् बायकोवर खेकसायचो.

अन् इथं मला लाज वाटते ते सांगतो. सगळं तपासून झाल्यावर एकच गोष्ट उरली. मी सत्यशीलाला विचारलं, ताई, दिवसभर राबतेस, कधी रात्री गाढ झोप लागते का तुला? कधी आवाज आला न्हाई असं झालं का? ती फॅटच्या बाटल्या धूत होती. धुतच राहिली. हातातली बाटली विसळून म्हणाली, न्हाई लागत. मग आत गेली.

त्याच दिवशी त्रिंबकचा फोन आलता. बातमी तिकडं फडावर पण गेलती. मुकादमाची शेवटची गाडी शुक्रवारी संध्याकाळी निघणार. तो म्हणाला, काम जात असलं तर त्याच गाडीत ये, अर्ध्या कोयत्यावर मुकादम रोज बोलतोय. म्हंजे करिष्मा पण गाडीत. सत्यशीलानं पोरीला काही सांगितलं न्हाई. पण घडवंचीवरची पत्र्याची पेटी खाली काढून पुसून ठेवलेली मी बघितली.

शुक्रवारी साहेब आले, लॅपटॉप अन् या खेपेला महिन्याभराचे कागद घेऊन आले. आप्पाराव पण आले. सत्यशीलाच्या हातात खुलासा नव्हता, तिची वही होती. तिनं आधी एकच विचारलं.

"साहेब, टँकर दहाला जातो. मग दुपारी बाराला रिकाम्या टाकीत चार डिग्री काय थंड ऱ्हातंय?"

साहेब म्हणाले, कूलर चालू राहिला की रिकामी टाकी पण थंड दाखवते. मला पण ते पटलं, मी मान डोलावली. सत्यशीलानं माझ्याकडं बघितलं न्हाई. वहीचं एक पान उघडून पुढं ठेवलं. टोळ्या गेल्या तो दिवस. त्या संध्याकाळी अख्खी वाडी गाड्या भरायला अन् पोचवायला रस्त्यावर उभी होती. कुणी धार काढून आणली न्हाई, केंद्र बंद होतं. वहीत संध्याकाळचा रकाना कोरा, सकाळचा भरलेला.

तिनं साहेबांच्या कागदातला तोच दिवस मागितला. कागदात उलटं होतं. त्या तारखेला सकाळी दूध आलंच न्हाई, टाकी दिवसभर गरम, अन् संध्याकाळी सातला दूध आलं.

"त्या सांजंला इथं माणूस नव्हतं, साहेब. मंग हे दूध कुणी ओतलं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दोनदा वही, दोनदा कागद. आप्पाराव म्हणाले, बाईच्या वहीत चूक असंल. साहेब म्हणाले, थांबा. सत्यशीला म्हणाली, फाइल आत्ता काढा, इथंच, अन् शेवटची ओळ बघा. डबीनं आत्ताच लिहिली असंल ना.

इतकी साधी गोष्ट, अन् मी तीन दिवस चहाच्या पाण्यात वायर बुडवत होतो.

साहेबांनी पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली, खाली गेले. मोबाइलमधी अकरा पन्नास झालते. बाहेर ऊन तळपत होतं. फाइलच्या शेवटच्या ओळीत आजचीच तारीख, अन् वेळ शून्य दहा. रात्रीचे बारा वाजून दहा मिनिटं.

बारा तासांचा घोळ. सकाळचं दूध डबी आदल्या संध्याकाळी लिहीत होती अन् संध्याकाळचं सकाळी. दोन्ही वेळेला दूध येतंच, म्हणून कुणाला खटकलं न्हाई. रात्री अकराचे साठ डिग्री म्हंजे टँकर गेल्यावर सत्यशीला कढत पाण्यानं टाकी धुते ते. रात्रभरची गरम टाकी म्हंजे दुपारची रिकामी टाकी. साहेबांनी त्याच हिशेबानं नासक्या टँकरचा दिवस बघितला. आमचं दूध टाकीतनं निघालं तेव्हा चार डिग्रीला होतं.

मला वाटलं, सुटलो. आप्पाराव तर उठलेच, डबी बदलून द्या म्हणाले. पण साहेब बोटं मोजत होते. बारा तास बरोबर हायत, मग वरची वीस मिनिटं कुठली? म्हणून त्यांनी मान वर केली, अन् त्यांच्या मागोमाग सगळ्यांनी केली. भिंतीवरच्या घड्याळात बरोबर बारा दहा झालते.

ते घड्याळ वीस मिनिटं पुढं असतं. मीच ठेवतो. लोक उशिरा दूध आणतात म्हणून नऊ वर्षांपूर्वी पुढं केलं. पहिले आठ दिवस उपयोग झाला, मग सगळ्यांना कळलं अन् ते वीस मिनिटं हिशेबात धरून यायला लागले. पण मी तसंच ठेवलंय.

अन् मग मला खंडेनवमी आठवली. खंडेनवमीला आम्ही केंद्रावरची सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडतो. वजनकाटा, फॅटचं यंत्र, पाने, स्क्रू ड्रायव्हर. त्या दिवशी टँकर गेल्यावर सत्यशीलानं हळद-कुंकू, झेंडू सगळं तयार ठेवलं होतं. डबी भिंतीवर राहिली तर तिचा अपमान नको, म्हणून मीच ती उतरवली. नुसती उतरवली न्हाई, मागचं झाकण उघडून आतला सेल काढला अन् धोतराच्या टोकानं पुसला. पूजा झाली, डबीला कुंकवाचं बोट लावलं, नारळ फोडला. संध्याकाळी दूधवाले रांगेत उभे असताना डबी परत टांगली, तर ती तारीख अन् वेळ विचारायला लागली. मी भिंतीकडं बघितलं, सात पाच झालते, सात पाच दाबलं. सकाळचे का संध्याकाळचे ते डबीनं विचारलं न्हाई, अन् एकोणीस पाच दाबायचं माझ्या डोक्यात आलं न्हाई. मागं वळलो अन् रांगेतल्या पहिल्या माणसावर ओरडलो.

साहेब वही काढून लिहायला बसले. म्हणाले, डबीची वेळ ऑपरेटरची जबाबदारी, नाव तर लिहावं लागंल. त्यांनी सत्यशीलाचं नाव लिहायला पेन टेकवला. ती त्या दिवशी पाटाजवळच बसलेली होती. मी सेल पुसताना तिनं बघितलंतं. तिला मालूम होतं, मला दिसत होतं की तिला मालूम हाय. ती डबीवर राहिलेल्या कुंकवाच्या डागाकडं बघत उभी राहिली. मी पण तिचं अर्धं नाव लिहून होईस्तोवर पेनाकडं बघत बसलो. ते खोटं कशाला बोलू.

"साहेब, तिचं नाव लिहू नका," मी म्हणलो. "डबी मी उतरवली, वेळ मी लावली, अन् ते घड्याळ बी माझंच हाय."

आवाज माझाच होता, पण नेहमीसारखा मोठा नव्हता. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, सत्यशीलाचं अर्धं लिहिलेलं नाव खोडलं अन् माझं लिहिलं. मला लेखी समज मिळाली. ती अजून माझ्याकडं हाय, फॅटच्या यंत्राच्या कपाटात.

त्या संध्याकाळी मुकादमाची गाडी हॉर्न वाजवत केंद्रावरनं गेली. सत्यशीला दूध मोजत होती. तिनं मान वर केली न्हाई. करिष्मा पायरीवर भूगोल पाठ करत बसली होती. रांग संपली तेव्हा मी सत्यशीलाला म्हणलो, ताई, चुकलं. ती किटल्या उपड्या ठेवत होती. शेवटची ठेवून झाल्यावर बोलली.

"डबीची वेळ चुकंल असं तुमाला वाटलं न्हाई, भाऊ. मी चुकंन असं वाटलं. कशापायी?"

रागानं विचारलं न्हाई तिनं. मी स्टूल घेतलं, घड्याळ उतरवलं अन् वीस मिनिटं मागं केलं. तेव्हापासनं लोक खरोखरच वीस मिनिटं उशिरा येतात, अन् मी कुणाला काही बोलत न्हाई.